जुने जपानी स्टीरिओ रिसीव्हर

संग्रहाचा छंद म्हटला कीं जुनीं नाणीं आणि टपालाचीं तिकिटें डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं कपाटांत ठेवून पाहावयाचीं असतात. परंतु ज्या वस्तूची पारख डोळ्यांइतकीच कानांनींही करावी लागते, आणि जी वापरावांचून पडली कीं बिघडूं लागते, तिच्या संग्राहकाची जबाबदारी निराळी असते. १९७० ते १९८० या दशकांत जपानांत तयार झालेले स्टीरिओ रिसीव्हर या जातीचे आहेत.

रिसीव्हर म्हणजे एकाच पेटींत नांदणारीं तीन यंत्रें होत. ट्यूनर नभोवाणीच्या लहरी टिपतो. प्रीअँप्लिफायर नभोवाणीच्या वा तबकडीच्या क्षीण ध्वनिसंकेतावर संस्कार करतो. आणि पॉवर अँप्लिफायर लाउडस्पीकर हालविण्याइतकी शक्ति पुरवितो. १९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारांत आल्या आणि १९६१ साली अमेरिकेंत एफ्. एम्. वरून स्टीरिओ प्रक्षेपण सुरू झालें, तेव्हां अशा संयुक्त यंत्राची मागणी वाढली.

ती जपानी कारखान्यांनीं पुरविली. पायोनियरची स्थापना १९३८ ची, सान्सुईची १९४४ ची. सान्सुई या शब्दाचा अर्थ ‘डोंगर आणि पाणी’. या कारखान्यानें आरंभ ट्रान्स्फॉर्मरपासून केला. पुढें केनवुड या नांवानें प्रसिद्ध झालेली संस्था १९४६ सालची. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर ठरलेला असल्यामुळें हा माल अमेरिकनांस स्वस्त पडे.

त्या काळीं जाहिरातींतून वॉटांचे आंकडे वाटेल तसे फुगविले जात. १९७४ साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगानें शक्ति मोजण्याची रीत नियमानें बांधून दिली. तेव्हां केवळ आंकडा फुगवून भागेना. मोठा ट्रान्स्फॉर्मर आणि मोठे कपॅसिटर खरोखरच बसवावे लागले. पायोनियरचा १९७६ चा एस्. एक्स्. १२५० दर बाजूस १६० वॉट देई, तर १९७८ चा एस्. एक्स्. १९८० हा २७० वॉट. त्याचें वजन सुमारें ३५ किलो भरतें. पुढील दशकांत खर्च आणि वजन दोन्ही कमी करण्याकडे कारखान्यांचा कल झाला व ही स्पर्धा ओसरली.

रसिकांस आवडतें तें केवळ बळ नव्हे. स्टेशन लावण्याच्या बटणामागें जड चाक असतें. एक हलका झटका दिला कीं कांटा उजळलेल्या पट्टीवरून संथपणें सरकत जातो. लहरीचें बळ एक मापक दाखवितो आणि कांटा नेमका मध्यावर आहे कीं नाहीं हें दुसरा सांगतो.

परंतु पन्नास वर्षांचें यंत्र एकदम विजेला जोडणें धोक्याचें आहे. जपानांतील वीज १०० व्होल्टची, अमेरिकेंतील १२० ची आणि भारतांतील २३० ची; म्हणून बहुतेक ठिकाणीं मध्यें दाब उतरविणारा ट्रान्स्फॉर्मर हवाच. खास जपानकरितां केलेल्या संचाची एफ्. एम्. पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झची असते, म्हणून भारतांतील ८८ ते १०८ मधील बहुतेक स्टेशनें तींत सांपडत नाहींत. जाणता कारागीर प्रथम वाटेंत तारेचा जुना बल्ब सिरीजमध्यें जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर जळत राहिला तर आंत शॉर्ट आहे. मग तो लाउडस्पीकरच्या टोंकांवरील डी. सी. दाब मोजतो, तो कांहीं व्होल्ट भरला तर लाउडस्पीकरची कॉइल जळूं शकते.

येथें संग्राहकांत मतभेद आहे. मूळचा एकही भाग बदलूं नये, असें कित्येकांस वाटतें. परंतु इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हा वाळणाराच पदार्थ आहे. तारा बदलल्यानें तंबोरा दुसरा होत नाहीं, तसेंच हें आहे. खरी अडचण आउटपुट ट्रान्झिस्टरांची: कित्येक जुन्या जातींचें उत्पादन थांबलें असून बाजारांत नकली मालही फिरतो. एक संच वांचविण्यासाठीं दुसरा मोडला जातो, आणि प्रत्येक मोडीबरोबर शिल्लक संख्या घटते.

म्हणून शहाणा संग्राहक दहा संच रचून ठेवण्यापेक्षां एकच नीट दुरुस्त करवितो, त्याचा सर्किटचा नकाशा जवळ बाळगतो, काढलेले भाग चिठ्ठी लावून जपतो, आणि अधूनमधून तो संच वाजवितो.