नावातला 'एन'

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. देशातला तो पहिला बळी. काही दिवसांतच पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शाळा बंद झाल्या, मास्कचा तुटवडा पडला आणि पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत लोक नाकाला रुमाल बांधून फिरू लागले. संशयितांच्या घशातले नमुने पुण्याच्याच एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जात. टॅमिफ्लू या औषधाचं नाव तेव्हा पोरासोरांनाही पाठ झालं. हे औषध विषाणूला मारत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

मग ते करतं काय? उत्तर स्वाइन फ्लूच्या विषाणूच्या 'एच१एन१' या नावातच आहे.

'एच' म्हणजे हिमॅग्लुटिनिन, विषाणूच्या अंगावरची कुसळं. नाक-घशातल्या पेशींवर सियालिक आम्ल नावाची साखर असते. कुसळं तिला चिकटतात, विषाणू आत शिरतो आणि त्याच्या असंख्य प्रती तयार होतात. पंचाईत होते ती बाहेर पडताना. तीच साखर नव्या विषाणूंनाही पेशीला धरून ठेवते. इथे 'एन', म्हणजे न्यूरॅमिनिडेज हे विकर कामाला येतं. अळंबीसारख्या आकाराची ही कात्री साखर कापते आणि विषाणू मोकळे सुटतात. शेंबडातही हीच साखर भरपूर असते. विषाणूला अडकवण्यासाठी शरीराने मांडलेला तो सापळाच; कात्री त्यातूनही वाट काढते. शेंबडाची आपण उगाच हेटाळणी करतो!

या कात्रीची चाहूल १९४०च्या दशकात लागली. फ्लूचा विषाणू मिसळल्यावर कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि काही वेळाने आपोआप सुटतात, असं अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं. पुढे १९८३ साली ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन, ग्रॅम लेव्हर आणि सहकाऱ्यांनी विकराची रचना उलगडली. साखर बसते ती खाच फ्लूच्या निरनिराळ्या प्रकारांत जवळपास सारखीच निघाली. त्या खाचेत साखरेचा तोतया बसवला की कात्री अडते. १९९९ साली बाजारात आलेला टॅमिफ्लू हा असाच एक तोतया.

त्याचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, बराच काळ चक्रीफुलातून काढला जाई. होय, बिर्याणीतलंच चक्रीफूल. पण बिर्याणी खाऊन फ्लू हटत नाही. आम्लाचं औषध होईपर्यंत बऱ्याच रासायनिक प्रक्रिया कराव्या लागतात.

विषाणूही गप्प बसत नाही. विकरातलं २७५व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं की तोतया नीट बसेनासा होतो. २००८च्या सुमारास हंगामी फ्लूत असे विषाणू जगभर पसरले होते. २००९चा नवा विषाणू मात्र बहुतांशी या औषधाला दाद देणारा निघाला, हे नशीबच.

औषध कात्री अडवतं; आधीच सुटून पसरलेल्या विषाणूंना परत आणत नाही. म्हणून पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक. दवाखान्यात गेलात तर ताप नेमका कधी चढला, ते डॉक्टरांना आधी सांगा.