कुत्र्यांचे मैदान : कुंपणाआधी वही

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला पाच जण आत आले. पेशंट कोण, असे विचारले तर सगळेच हसले. त्यांच्या हातात नगरपरिषदेला द्यायचा एक अर्ज होता. जुन्या पाण्याच्या टाकीमागे नगरपरिषदेची जी पंधरा-वीस गुंठे मोकळी जागा पडून आहे, तिला तारेचे कुंपण घालून ती पाळीव कुत्र्यांना फिरायला, पळायला द्यावी, अशी मागणी होती. खाली साठ-सत्तर सह्या होत्या. "डॉक्टर, तुमची सही पाहिजे. आरोग्याच्या दृष्टीने योग्य आहे, एवढेच लिहा."

मी सही केली नाही. अर्ज ठेवून घेतला आणि आठ दिवसांनी या, म्हणालो. मंडळी जरा नाराज होऊन गेली. त्यांतले एक तर माझे वीस वर्षांचे पेशंट. सही का अडवली, असे त्यानंतर बाजारात तिघाचौघांनी विचारले, म्हणून या आठवड्याचे सदर त्यासाठीच.

आधी एक सांगतो. मी या मैदानाच्या विरोधात नाही. आपल्या गावात आता फ्लॅट झाले, फ्लॅटमध्ये लॅब्रेडॉर आले, आणि त्यांना पळायला जागा कुठेच नाही. दिवसभर बाल्कनीत बांधलेले जनावर संध्याकाळी बागेत आणले की ते उसळणारच. दोन वर्षांपूर्वी असाच एक दांडगा कुत्रा खेळण्याच्या भरात एका आजींच्या अंगावर उडाला. त्याने चावा घेतला नाही, ओरबाडलेही नाही. पण आजी पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि त्यानंतर त्या काठीशिवाय चालल्या नाहीत. शिवाय कुत्र्यामुळे माणूस चालतो, हाही अनुभव आहे. माझ्या एका मधुमेही पेशंटला मी दहा वर्षे सकाळी फिरायला जा म्हणून सांगत होतो, ते ऐकले नाही. मुलाने पिल्लू आणले, तेव्हापासून ते रोज पहाटे साडेपाचला रस्त्यावर असतात. माझ्यापेक्षा त्या कुत्र्याचे ते जास्त ऐकतात.

तेव्हा प्रश्न मैदानाचा नाही, ते चालवणार कोण, याचा आहे.

मातीत काय राहते

मागच्या पावसाळ्यानंतर सहा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. तळपायावर लालसर, नागमोडी रेघ. आई म्हणाली, "रोज थोडी थोडी पुढे सरकते हो." खाज इतकी की पोर रात्रभर झोपत नव्हते. घराशेजारी बांधकामाच्या वाळूचा ढीग होता, मुले त्यावर अनवाणी खेळत, आणि रात्री कुत्री तिथेच शी करत. कुत्र्याच्या पोटातील आकडेकृमीची अळी कातडीतून आत शिरली होती. माणूस हे तिचे खरे घर नव्हे, म्हणून ती कातडीखालीच भटकत राहते. औषधाने मुलगा बरा झाला.

गोलकृमीची गोष्ट याहून वाईट. त्याची अंडी मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकतात. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या पोटात ती गेली, तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात आणि क्वचित डोळ्यातही पोचतात. दृष्टिपटलाला इजा झाली तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकते. असे वारंवार घडत नाही, पण ज्या घरात घडते त्या घराला हे सांगून काय उपयोग?

आता यातली उपयोगाची गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. कुत्र्याने शी केल्या क्षणी त्यातील अंडी बाधक नसतात. आकडेकृमीला मातीत बाधक व्हायला साधारण आठवडा लागतो, गोलकृमीला दोन ते चार आठवडे. म्हणजे घाण त्याच दिवशी उचलली, तर हा सगळा धोका जवळजवळ संपतो. आठवड्यातून एकदा सफाई कामगार पाठवू, असे अर्जात लिहिले आहे. ते उपयोगाचे नाही. आणि दुसऱ्याच्या कुत्र्याची घाण सफाई कामगाराने का उचलावी? ज्याची साखळी त्याच्या हातात पिशवी, हा नियम हवा. आज आपल्याकडे काय होते, ते रोज सकाळी दिसतेच. कुत्रा बसला की मालक आकाशाकडे बघू लागतो.

गोळा केलेली घाण विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना व माती टाकून बुजवावी. भाजीच्या वाफ्यात खत म्हणून घालू नये. पिल्लांना दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक द्यावे लागते, कारण हे कृमी आईच्या पोटातूनच येतात. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी पुरते. नेमके कोणते औषध, ते गुरांच्या डॉक्टरांना विचारा. माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका.

"घरचंच पिल्लू आहे"

१९९५ साली मी एका ग्रामीण रुग्णालयात नवा वैद्यकीय अधिकारी होतो. तिशीतला एक शेतकरी बैलगाडीतून आणला. घशाखाली पाणी उतरत नाही, एवढीच तक्रार. मी भांडे पुढे केले आणि त्याच्या मानेचे स्नायू असे आवळले की ते भांडे मीच खाली ठेवले. पंखा लावला तर वाऱ्यानेही तसेच झाले. शुद्धीवर होता, माझ्याशी नीट बोलत होता. दोन महिन्यांपूर्वी घरच्या पिल्लाने खेळता खेळता बोटाला दात लावला होता. पिल्लू चार दिवसांत मेले. "घरचंच पिल्लू आहे, त्याला काय होतंय," असे सगळ्यांनी धरले होते. शिवाय पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, ही भीती होतीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. त्याची बायको व्हरांड्यात बसून होती. तिला मी काय सांगितले, ते आता आठवत नाही.

पोटातली ती चौदा इंजेक्शने इतिहासजमा झाली. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत लस देतात. कातडीत दिली तर ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत असते. पण त्याआधीचे काम घरचे. चावा असो वा ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, घड्याळ लावून. चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावायचे नाही. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम भरावे लागते, ते विसरू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी हे खरे, पण ते दहा दिवस लस न घेता वाट पाहण्याचे नव्हेत. लस लगेच सुरू करायची.

हे सगळे मैदानाच्या लेखात कशाला? कारण मैदानात तीस कुत्री एकत्र सुटणार. कुत्री आहेत, कधी ना कधी भांडणारच. सोडवायला गेलेल्या माणसाच्या हाताला दात लागणारच. त्या वेळी कुत्र्याला लस टोचली आहे की नाही, हे कुणाच्या आठवणीत नव्हे, वहीत असले पाहिजे. म्हणून मंडळींना मी म्हणालो, कुंपणाआधी वही आणा.

पैसा कुठून येणार

जगातले पहिले म्हणून ओळखले जाणारे कुत्र्यांचे मैदान १९७९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले गावी सुरू झाले. भुयारी रेल्वेच्या कामासाठी मोकळी झालेली जागा होती ती, आणि मैदानाची देखभाल करायला रहिवाशांचीच एक मंडळी उभी राहिली. आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादचे. तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर भागात कचरा टाकायच्या सुमारे सव्वा एकर जागेवर असे उद्यान केले, खर्च एक कोटीच्या वर. आपल्या नगरपरिषदेपुढे हा आकडा मांडण्यात अर्थ नाही. आपल्याला हिरवळ, कारंजे, पुतळे नकोत. कुंपण, नळ, दोन कडुनिंब आणि पाणी न साचणारी मुरमाची जमीन पुरे.

कुंपण एकदाच घालायचे असते, त्याला पैसे मिळतात. आमदार-खासदार निधी टिकाऊ कामाला असतो, देणगीदारही पाटीवर नाव येणार असेल तर पुढे येतो. पण चुन्याच्या पोत्यावर नाव घालता येत नाही. आपल्या गावातले कारंजे आठवा. उद्घाटनाला मंत्री आले होते. मोटार जळाली, दुरुस्तीला पैसे कुणाकडे नव्हते, आज त्यात डास होतात आणि डेंग्यूच्या दिवसांत मी त्याच्या नावाने बोटे मोडतो.

म्हणून मंडळी दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर हिशेब मांडला. रोज दोन तास फाटकावर बसून वही तपासणारा व राहिलेली घाण उचलणारा माणूस, महिना चार हजार. पिशव्या, फावडी, चुना आठशे. पाणी आणि दिवा सातशे. तार-फाटकाच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे दीड हजार. झाले सात हजार. कुत्री पाळणारी घरे त्यांनी मोजून आणली होती, एकतीस. म्हणजे घरटी सव्वादोनशे. सगळे खूश झाले.

मग मी आठवा हजार लिहिला. तो भटक्या कुत्र्यांचा.

त्यावर बराच वाद झाला. "त्यांच्यापासूनच तर सुटका हवी आहे," असे एक बाई म्हणाल्या. पण त्या जागेवर आज राहते कोण? टाकीमागची टोळी. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांवर नसबंदीची शस्त्रक्रिया व लसीकरण करून त्यांना पुन्हा त्यांच्याच जागी सोडायचे असते. दुसऱ्या गावच्या शिवेवर नेऊन टाकणे बेकायदा आहे. आणि टाकले तरी रिकाम्या जागेत लस न टोचलेली नवी कुत्री येतात. तारेच्या आत लस टोचलेली तीस आणि बाहेर न टोचलेली चाळीस, असे मैदान मला डॉक्टर म्हणून चालणार नाही. तार नाकाला नाक लागू देते.

गोव्यात हे काम झाले आहे. राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून दर वर्षी सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचा नेम धरला. पथके गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरली, शाळांतून मुलांना शिकवले. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सत्तर टक्के हा आकडा महत्त्वाचा. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस असली तर रोग पुढे सरकायला जागा मिळत नाही.

टाकीभोवतीच्या तीन गल्ल्यांत चाळीसएक कुत्री आहेत. डोसाला तीनशे रुपये धरले तर वर्षाला बारा हजार, महिन्याला एक हजार. पकडायला मात्र नगरपरिषदेची प्रशिक्षित माणसे हवीत, आणि त्यांनी स्वतः आधी प्रतिबंधक लस घेतलेली हवी. मंडळाची पोरे उत्साहाने पाठवू नका.

एकूण आठ हजार, घरटी अडीचशेच्या थोडे वर. दिवाळीनंतर निम्मी घरे गळाली तर पाचशेच्या वर. म्हणून सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार आधी बँकेत, दोघांच्या सहीने निघतील असे, ठेवावेत आणि मग कुंपणाचा अर्ज द्यावा, असे माझे म्हणणे. एक जण म्हणाले, मग वर्गणी न देणाऱ्याला आत सोडू नका. हे मला पटले नाही. जागा गावाची आहे. मागच्या वस्तीतला पोरगा दोरी बांधून आपला गावठी कुत्रा घेऊन आला आणि त्याच्याकडे लसीचे कार्ड असले, तर तो आत गेला पाहिजे. कार्ड नसलेल्या जर्मन शेफर्डला बाहेर थांबवा.

बाकीचे थोडक्यात. फाटके दोन हवीत, एकामागे एक, म्हणजे मधल्या जागेत साखळी सोडता येते आणि कुत्रा रस्त्यावर पळत नाही. छोट्या कुत्र्यांना वेगळा कप्पा. माजावर आलेली कुत्री आणि लसी पूर्ण न झालेली पिल्ले आणायची नाहीत. खाण्याचे पदार्थ आत नकोत, भांडणे त्यावरूनच होतात. आठ वर्षांखालील मुलांनाही आत नेऊ नका. मोठ्या पावसानंतर पाणी ओसरेपर्यंत मैदान बंद. उंदरांच्या व कुत्र्यांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाला चीर असली तर तेवढे पुरते.

गेल्या सोमवारी मंडळी तिसऱ्यांदा आली, या वेळी वही घेऊन. एकतीस घरांत चौतीस कुत्री. लसीचे कार्ड चालू असलेली अकरा. बाकी तेविसांपैकी काहींना पूर्वी कधी टोचले होते, काहींना कधीच नाही. एका घरी तर "आमचा बाहेर जातच नाही" म्हणून पाच वर्षे राहून गेले होते. बैठकीत बोलणारे सर्वांत मोठ्याने हेच होते. त्यांनी मान खाली घालून ते सांगितले, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तेवीसचे शून्य झाले की सही करीन, असे ठरले आहे. येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा टाकीपाशी पशुवैद्यकीय डॉक्टर बसणार आहेत. तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्रा आणावा, पाळीव, गावठी, कुणाचाही. साखळी किंवा मजबूत दोरी, तोंडाला बांधायला मऊ कापडाची पट्टी आणि जुने कार्ड असल्यास ते बरोबर असावे. आजारी किंवा खात नसलेले जनावर गर्दीत न आणता आधी डॉक्टरांना कळवावे. ज्यांना लसीचे पैसे जमणार नाहीत, त्यांनी वहीत फक्त नाव लिहावे.