नोंदवहीतील नेमक्या ओळी

पंचगंगेचे पाणी चढू लागले की कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे लागते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. अशा दिवसांच्या नोंदी पुढे अहवालासाठी व अभ्यासासाठी वारंवार लागतात. मोठ्या फाइलीतून त्या अचूक वेगळ्या कशा काढाव्यात, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

समजा, १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांची दर तासाची पातळी, मध्यरात्रीपासून, एका ओळीस एक नोंद याप्रमाणे संगणकावर लिहिली आहे. एकूण ओळी २,९२८ झाल्या. त्यांतून १ ते १० ऑगस्टच्या नोंदी हव्या आहेत. जून व जुलैच्या ६१ दिवसांच्या ओळी १,४६४. म्हणजे आपला भाग १,४६५ व्या ओळीपासून १,७०४ व्या ओळीपर्यंत आहे.

लिनक्स प्रणालीत 'शेल' हा टंकित आज्ञा स्वीकारणारा दुभाषा असतो. त्यातील 'सेड' ही आज्ञा बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास तयार केली. आरंभीचा व अखेरचा क्रमांक स्वल्पविरामाने जोडून पुढे 'पी' हे रोमन अक्षर लिहिले की तेवढ्या ओळी उमटतात. मात्र आधी 'एन' ही खूण द्यावी. अन्यथा सारी फाइल उमटते आणि हव्या त्या ओळी दोनदा येतात.

दुसरी रीत अशी : 'हेड' आज्ञेने पहिल्या १,७०४ ओळी घ्याव्यात व 'टेल' आज्ञेने त्यांतील शेवटच्या २४० ठेवाव्यात. येथे नुसती वजाबाकी केल्यास २३९ येतात. त्यांत एक मिळवावा लागतो. तो विसरल्यास १ ऑगस्टच्या मध्यरात्रीची नोंद गळते. फाइलीच्या माथ्यावर शीर्षकाची ओळ असल्यास दोन्ही क्रमांक एकाने वाढवावेत.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. काढलेला उतारा मूळ फाइलीच्याच नावाने साठविण्याची आज्ञा दिल्यास, वाचन सुरू होण्यापूर्वीच शेल ती फाइल रिकामी करतो. वर्षाचे दप्तर क्षणात नाहीसे होते. यास्तव उताऱ्यास नेहमी नवे नाव द्यावे, त्याची पहिली व शेवटची ओळ मूळाशी ताडून पाहावी आणि ओळींची संख्या मोजावी. एवढी दक्षता घेतल्यास उतारा विश्वासार्ह ठरेल आणि मूळ नोंदही अबाधित राहील.