माळावरचा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



आपल्या यवतमाळात कारखाना म्हटला की जिनिंग आणि प्रेसिंग डोळ्यांपुढे येते. पऱ्हाटीचा कापूस यायचा, सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि शकुंतला गाडीने त्या मूर्तिजापूरकडे रवाना व्हायच्या. तेथून मुंबई, मुंबईहून विलायत. कापूस आमचा, घाम आमचा. रेल्वे मात्र किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीची आणि कापड मँचेस्टरचे. कच्चा माल पिकवणारा गरीब का राहतो आणि त्याला आकार देणारा श्रीमंत का होतो, हा प्रश्न या जिल्ह्याला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. ह्याच प्रश्नाला ज्याने हातात हातोडा घेऊन उत्तर दिले, त्या माणसाविषयी आज बोलायचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरचे वळण विद्येचे. यंत्राचा वारसा मुळीच नाही. चित्रकलेची ओढ म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. चित्रकार होऊ पाहणाऱ्या या मुलाला काही रंगच ओळखू येत नव्हते! दुसरा एखादा दैवाला दोष देत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाही. त्या विद्येवर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

बेळगावात १८८८ मध्येच त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने सायकलींचे दुकान थाटले होते. पण परक्याची वस्तू विकण्यात त्यांचे मन रमेना. त्यांनी शेतकऱ्याच्या गोठ्याकडे पाहिले. कडबा अख्खा टाकला की बैल पाला खातो आणि धांडे तुडवतो. निम्मी वैरण वाया जाते. तोच कडबा बारीक कापून दिला तर सगळा पोटात जातो. म्हणून कडबा कापण्याचे यंत्र निघाले. मग आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती उकरतो, उलथवीत नाही. आपल्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा किती खोल जातो, हे वखर धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोखंडी नांगराने माती पालथी होते आणि तणाच्या मुळ्या उन्हात येतात.

परंतु शेतकरी म्हणाला, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली! येथे लक्ष्मणरावांचा व्यापारधर्म दिसतो. गिऱ्हाईकाला अडाणी म्हणून ते मोकळे झाले नाहीत. ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर टांगलेले असते, तो नव्या वस्तूला भ्यायचाच. फाळ मऊ निघाला तर झिजतो, फाजील कडक निघाला तर दगडावर तुटतो. आणि पेरणीच्या तोंडावर तुटला तर नुकसान कारखानदाराचे होत नाही, शेतकऱ्याचे होते. म्हणून माल आधी शेतात उतरला पाहिजे, मग बाजारात. विश्वास जाहिरातीने मिळत नाही, तासाच्या शेवटी मिळतो.

एवढ्यात दुसरे संकट आले. नवी वसाहत वसवायची म्हणून नगरपालिकेने बेळगावातील कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंग आणि साप यांनी भरलेला माळ! १९१० मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी कारखाना, मग घरे, शाळा, छापखाना. त्याच वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केले आणि त्याच साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पंप आणि लेथ निघाले.

आपण अशा पुरुषाला स्वयंनिर्मित म्हणतो. या शब्दाने थोडी फसगत होते. रामूअण्णांनी संसारासह या धडपडीत उडी घेतली नसती, शंभूराव जांभेकरांसारखे यंत्रज्ञ मिळाले नसते, औंधच्या राजाने माळ दिला नसता, तर लक्ष्मणराव काय करते? मोठेपण इतरांची गरज न लागण्यात नव्हते. इतरांनी विश्वास टाकावा असे वागण्यात होते. माणूस निवडताना त्यांनी प्रशस्तिपत्रापेक्षा हात पाहिले. समाजाने गुन्हेगार म्हणून दूर लोटलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या राखणीचे काम दिले, आणि त्यांनी ते इमानाने केले. हिशेबाच्या वहीत न मावणारे हे भांडवल होय.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. तोवर पुत्र शंतनुरावांच्या हाती पसारा पुणे, हरिहर, बंगलोरपर्यंत पोचला होता.

आता आपल्यापुरता प्रश्न. आपल्या जिल्ह्यातील कापूसवाला कर्जाने किती गांजला आणि किती घरांतला कर्ता पुरुष त्यापायी गेला, हे मी येथे सांगावे असे नाही. त्याला बियाणे, औषध, अवजार विकणारे पुष्कळ आहेत. पण विकलेल्या वस्तूचा पैसा हंगामाअखेर त्याच्या पदरात फिरून येतो की नाही, हे बांधावर जाऊन पाहणारे किती? लक्ष्मणरावांचा नांगर खपला तो या एका कसोटीवर. येथून घरी जाणाऱ्या तरुणांपैकी एकाने तरी दुकान मांडण्यापूर्वी एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात तासभर बसावे आणि काय वाया जाते आहे ते पाहावे. कारखान्याची पहिली वीट तेथेच पडते.