संकटातली हाक आणि वर्गणीची पावती

अलीकडच्या बऱ्याच नव्या मोटारगाड्यांत चालकाच्या डोक्यावर, छताजवळ, एक लहानसे बटण असते. त्यावर 'एसओएस' अशी अक्षरे असतात. गाडीला अपघात झाला किंवा आत बसलेल्या कुणाच्या छातीत कळ आली, तर ते दाबायचे. गाडीतूनच फोन लागतो, पलीकडचा माणूस बोलतो आणि मदत पाठवितो. धडक जोराची असेल तर बटण दाबण्याचीही गरज राहात नाही. एअरबॅग फुगते त्याच क्षणी गाडी आपण होऊन फोन लावते. आतली माणसे बेशुद्ध असली तरी हाक बाहेर जाते.

विज्ञानाने माणसाच्या जिवासाठी केलेली ही सोय आहे. परंतु तिच्या मागे आता एक प्रश्न उभा राहिला आहे. हे बटण चालू राहावे म्हणून गाडीच्या मालकाने कंपनीला दर महिन्याला किंवा दर वर्षाला वर्गणी भरावी काय? आणि वर्गणी थकली तर संकटातल्या माणसाची हाक तिथल्या तिथेच विरावी काय?

आमच्या वाचकांपैकी काहीजण म्हणतील, "आमच्या दारात सायकल आहे, मोटार नाही. हा प्रश्न मोटारवाल्यांनी सोडवावा." आम्हाला तसे वाटत नाही. मोटारी आपल्या दारात नसतील, पण मोटारींच्या चाकावर आपलीच मुले आहेत. कुणाचा भाऊ साहेबांची गाडी चालवितो, कुणाचा मुलगा रात्रपाळीच्या कामगारांना घरी सोडतो, कुणी टुरिस्ट गाडीवर आहे. गाडी मालकाची असते, पण अपघातात जीव जातो तो आत बसलेल्याचा. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

हे यंत्र करते काय?

गाडीत एक सिमकार्ड, उपग्रहावरून जागा ओळखणारे यंत्र, माइक आणि स्पीकर असतो. धडक बसली की गाडी कुठे आहे, कोणत्या दिशेने चालली होती, किती वाजता अपघात झाला, गाडी कोणती आणि कोणत्या इंधनावर चालणारी, एवढी माहिती मदत केंद्राकडे जाते. पाठोपाठ बोलणे सुरू होते. आतून उत्तर आले नाही तर माणसे बोलण्याच्या स्थितीत नाहीत असे समजून मदत पाठविता येते.

याचे मोल किती, हे ज्याने रस्त्यावर जखमी माणूस पाहिला आहे त्याला सांगायला नको. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ सालच्या दुरुस्तीने 'सुवर्ण तास' या कल्पनेला स्थान मिळाले. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्या तासातली कितीतरी मिनिटे "नक्की कुठे झालंय?" एवढे विचारण्यात जातात. ती मिनिटे हे यंत्र वाचविते. अशा सोयीमुळे मदत शहरात ४० टक्के आणि ग्रामीण भागात ५० टक्के लवकर पोहोचू शकते, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे.

अमेरिकेतला धंदा

या सोयीची मोठ्या प्रमाणावर सुरुवात अमेरिकेत झाली. जनरल मोटर्स या कंपनीने १९९६ साली 'ऑनस्टार' नावाची सेवा जाहीर केली आणि ती प्रथम आपल्या महागड्या कॅडिलॅक गाड्यांत दिली. तिचा पाया वर्गणी हाच होता. पुढे इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. नवी गाडी घेतली की काही काळ सेवा फुकट, मुदत संपली की पैसे भरा. अनेक गाड्यांत मुदत संपली की हाकही संपते. बटण मात्र जागेवरच राहाते.

आता त्याच देशातला दुसरा नियम पाहा. ज्या मोबाइल फोनची वर्गणी थकली आहे, त्या फोनवरूनसुद्धा ९११ हा संकटकाळचा क्रमांक लागलाच पाहिजे, असे तिथल्या दूरसंचार आयोगाचे बंधन आहे. म्हणजे खिशातल्या जुन्या फोनने फुकट मदत मागता येते आणि लाखो रुपयांच्या गाडीतून मात्र येत नाही! कारण काय, तर गाडीतली हाक बहुधा सरळ ९११ कडे जात नाही. ती आधी कंपनीच्या केंद्रात जाते आणि तिथून पुढे सरकारी यंत्रणेकडे. मधल्या दारावर कंपनी बसली आहे आणि दार उघडण्याचे ती पैसे घेते.

या दारावर काय घडू शकते, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये इलिनॉय राज्यात दिसले. लिबर्टीव्हिल गावात एका गरोदर बाईची फोक्सवॅगन गाडी चोरांनी तिच्या घरासमोरून पळविली. गाडीत तिचे दोन वर्षांचे मूल होते. अडवायला गेलेल्या आईच्या अंगावरून गाडी घालून चोर निघून गेले. त्या गाडीत जागा सांगणारी यंत्रणा होती. पोलिसांनी कंपनीच्या 'कार-नेट' सेवेला फोन करून गाडी कुठे आहे ते विचारले. उत्तर मिळाले, फुकटची मुदत संपली आहे, १५० डॉलर भरल्याशिवाय सांगता येणार नाही. पोलीस अधिकाऱ्याने विनवण्या केल्या. शेवटी कार्डाचा नंबर मिळवून पैसे भरले, तेव्हा जागा कळली. मूल एका वाहनतळावर सुखरूप सापडले, हे सुदैव. पण ते सुदैव होते, कंपनीची सेवा नव्हे.

कंपनीने नंतर खुलासा केला की, पोलिसांना तातडीने माहिती देण्याची पद्धत आमच्याकडे आहे, ती सेवा चालविणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून पाळली गेली नाही. त्याच वर्षी कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक अलीकडच्या गाड्यांना संकटकाळची सेवा पाच वर्षे मोफत देण्याचे जाहीर केले. येथे हाक गाडीतून आलेली नव्हती, बाहेरून गाडीचा शोध चालला होता, हे खरे. तरीही धडा एकच. फोनवर बसलेल्या पगारी माणसासमोर 'पैसे भरलेले नाहीत' एवढीच ओळ असेल, तर ऐन वेळी तो त्या ओळीचेच ऐकतो. दोष एकट्या त्या माणसाचा नाही, ती ओळ तिथे ठेवणाऱ्या व्यवस्थेचाही आहे.

युरोपने काय केले?

युरोपातही आधी कंपन्यांच्या इच्छेवर सोडून पाहिले. वर्षांमागून वर्षे गेली, पण शंभरातल्या एका गाडीतही ही सोय आली नाही. शेवटी २०१५ साली कायदा झाला. ३१ मार्च २०१८ पासून मंजुरीसाठी येणाऱ्या मोटारीच्या आणि हलक्या मालगाडीच्या प्रत्येक नव्या प्रकारात 'ई-कॉल' असलेच पाहिजे असे ठरले. ही हाक थेट ११२ या सार्वजनिक क्रमांकाला जाते आणि ती सर्वांना मोफत आहे. कंपनीला आपले खाजगी केंद्र चालविण्याची मुभा आहे, पण ते चालत नसेल तर हाक आपोआप ११२ कडे गेलीच पाहिजे.

या कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आहे. अपघात होईपर्यंत हे यंत्र मुके असते. ते गाडीचा रोजचा माग काढू शकत नाही. जीव वाचविण्याच्या नावाखाली पाळत ठेवता येऊ नये, याचीही काळजी घेतली आहे. रशियानेही 'एरा-ग्लोनास' नावाची अशीच सरकारी यंत्रणा उभारली. म्हणजे वर्गणीवाचून हे चालणारच नाही, असे म्हणायला जागा नाही.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. त्या म्हणतात, केंद्रात रात्रंदिवस माणसे बसवावी लागतात, मोबाइल कंपनीला पैसे द्यावे लागतात, हा खर्च कुठून काढायचा? खर्च आहे, हे आम्हीही मानतो. शिवाय जाळे बदलले की यंत्रेही निकामी होतात. अमेरिकेत २०२२ साली जुने थ्रीजी जाळे बंद झाले, तेव्हा कितीतरी गाड्यांतली ही सोय एका झटक्यात बंद पडली.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. घरी बसून गाडीचे दार उघडणे, गाणी ऐकणे, हवामान विचारणे, या चैनीच्या सोयी आहेत. त्यांची वर्गणी खुशाल घ्यावी. आमच्या साप्ताहिकाचीही वर्गणी असते आणि ती थकली तर अंक यायचा थांबतो. माणूस दगावत नाही. पण ज्या सोयीवाचून माणूस दगावतो, ती वर्गणीच्या यादीत बसविता येणार नाही. तिचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. सीटबेल्टची कुणी दरमहा वर्गणी मागत नाही. ब्रेक लावायच्या आधी कुणी पावती विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट. नवी कोरी गाडी घेणाऱ्याला पहिली काही वर्षे सेवा फुकट मिळते. पैसे भरण्याची वेळ येते ती नंतर. तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते. हा तिसरा हात कुणाचा? कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्या टॅक्सीवाल्याचा, चार भावांनी मिळून गाडी घेतलेल्या कुटुंबाचा. म्हणजे ज्याला परवडते त्याला फुकट आणि ज्याला परवडत नाही त्याला विकत, असा हा उलटा न्याय आहे. शिवाय करार मालकाने केलेला असतो. आत बसलेल्या चालकाने, प्रवाशाने, पोराबाळांनी केलेला नसतो. रस्त्यावर धडक बसलेल्या पादचाऱ्याला तर वर्गणी कशाशी खातात हेही ठाऊक नसते. त्याच्यासाठीची हाकही त्याच बटणातून जायची असते.

आणि मेलेले बटण हे बटण नसण्याहून वाईट. नसले तर माणूस खिशातला फोन शोधतो. असले तर तेच दाबीत राहातो.

आपल्याकडची स्थिती

आपल्या देशातही इंटरनेटला जोडलेल्या गाड्या आल्या आहेत. त्यांतही पहिली काही वर्षे मोफत आणि पुढे पैसे, ही पद्धत दिसते. दुसरीकडे, सार्वजनिक प्रवासी वाहनांत जागा सांगणारे यंत्र आणि धोक्याचे बटण बसविण्याचा नियम केंद्र सरकारने २०१६ साली काढला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या वाहनांना तो लागू झाला. बसमधल्या, टॅक्सीतल्या आपल्या लेकीबाळींसाठी हा नियम चांगलाच आहे. पण यंत्राचा आणि त्याच्या सिमच्या नूतनीकरणाचा भार वाहनमालकावर पडतो. हातावर पोट असलेला टॅक्सीवाला तो कसा पेलतो आणि बटण दाबल्यावर पलीकडे माणूस असतो की नाही, याची विचारपूस सतत झाली पाहिजे.

मात्र एक सत्य विसरता येणार नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. त्यांच्या डोक्यावर छतच नाही, तर बटण कुठून असणार? त्यांचे बटण म्हणजे १०८ आणि ११२. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ती बोलाविणाऱ्याला कुणी पावती विचारीत नाही. हेच तत्त्व मोटारीतल्या बटणाला लावा, एवढीच आमची मागणी आहे. आणि ही सार्वजनिक सेवा दुबळी होऊ देऊ नका, ही त्याहून मोठी मागणी आहे. कारण फुकट लागणारी हाक ऐकायला पलीकडे रुग्णवाहिका हवी.

घरात सर्वांना सांगून ठेवा

• मुलगा दुसऱ्याची गाडी चालवीत असेल तर त्याने मालकाला विचारावे, हे बटण चालू आहे काय? मुदत कधी संपते? विचारण्यात कमीपणा नाही.

• जुनी गाडी घेताना इंजिन, टायर पाहाता, तसेच बटणाचीही चौकशी करा. चालू नसेल तर गाडीतल्या सर्वांना तसे सांगून ठेवा.

• १०८, ११२ आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, हे तीन क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या. तिन्ही मोफत आहेत.

• प्रवासात किलोमीटरचा दगड, टोलनाका, शेवटचे गाव यांवर नजर ठेवा. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर गावाचे नाव विचारायलाही जवळ माणूस नसतो. किलोमीटरचा आकडा सांगितला तर गाडी लवकर पोहोचते.

• जखमीला मदत करताना पोलिसांची भीती बाळगू नका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.

• केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या योजनेनुसार अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात हे स्पष्टपणे विचारा.

वाचकहो, आपल्या वस्तीत कुणी रात्री दार वाजविले तर आपण आधी दार उघडतो आणि मग कोण, कुठला ते विचारतो. शहाणपण लागते ते एवढेच. कोट्यवधींची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना ते कळत नसेल, तर कायद्याने त्यांना शिकवावे. संकटातल्या हाकेला आधी 'ओ' द्यावी, हिशेब मागाहून मांडावा.