टनेजाचं बक्षीस आणि पाण्याचं बक्षीस



अमक्यानं एकरी शंभर टन ऊस काढला, त्याचा सत्कार झाला, की आपण लगेच चौकशी करतो. बेणं कुठलं, डोस किती, सरी किती फुटांची? पाणी किती दिलं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. म्हणून या अंकात आम्ही एका वेगळ्या बक्षिसाची माहिती देत आहोत.

पाणी फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही गावागावांतील स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते. पहिलं बक्षीस ५० लाखांचं. ते कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने पटकावलं. पुढे २०१७ साली वर्धा जिल्ह्यातील काकडदरा, २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी आणि २०१९ साली बार्शी तालुक्यातील सुर्डी ही गावं पहिली आली.

रक्कम मोठी खरी, पण आमच्या मते या स्पर्धेचं मर्म दुसरीकडे आहे. इथे बक्षिसाआधी शाळा होती. गावाने निवडलेली माणसं, त्यात बायकाही, आधी चार दिवस शिबिरात शिकायची. शिवाराचा उतार कसा मोजायचा, समतल चर कुठे काढायचे, काम माथ्यापासून पायथ्याकडे का न्यायचं, हे सगळं. मग उन्हाळ्यात दीड महिना काम. नुसतं पोकलेन लावून नंबर मिळत नव्हता. श्रमदानाचे गुण वेगळे होते. शोषखड्डे, रोपवाटिका, माती परीक्षण यांनाही गुण होते. पुढे 'आगपेटीमुक्त शिवार' हाही विषय आला. पाचट पेटवणाऱ्यांनी हा शब्द जरा दोनदा वाचावा! एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते खोडव्यात सरीआड ठेवलं तर ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय कर्बही मिळतो.

गुणांच्या यादीत आणखी एक गोष्ट होती, जलबजेट. म्हणजे काय, तर गावात पाऊस किती पडला, त्यातलं किती पाणी अडलं-मुरलं, आणि माणसं, जनावरं, पिकं मिळून किती लागणार, याचा जमाखर्च.

आता आपला हिशेब बघा. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. दोन हजार धरलं तरी एकराला सुमारे ८० लाख लिटर झालं. ज्या गावात ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे एक एकर ऊस म्हणजे चार एकरांवर पडलेला सगळा पाऊस, तोही एक थेंब वाहून न जाता. मग उरलेल्या तीन एकरांनी काय प्यायचं? धरणाचं पाणी असलेल्यांना हा प्रश्न टोचत नाही. विहिरीवर ऊस असलेल्यांना टोचतो.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हा जमाखर्च ग्रामसभेत मांडून पीक ठरवण्याची पद्धत घातली. तिथे शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे आणि उसासारखी जास्त पाण्याची पिकंही गावाने बंद केली. सरपंच राहिलेल्या श्री. पोपटराव पवार यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. उसबंदी सुचवण्याचं धाडस कारखान्याचं पत्रक करणार नाही, हे वाचक समजून घेतीलच. पण चर खोदून मुरवलेलं पाणी शेजारी नवी बोअर पाडून उपसलं, तर कप मिळालेलं गावसुद्धा दोन उन्हाळ्यांत कोरडं पडेल, हेही तितकंच खरं. ठिबकवर उसाचं पाणी जवळपास निम्म्यावर येतं, जमीन खारवटण्याचा धोकाही कमी होतो. फक्त वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावण वाढवली, तर विहीर होती तिथेच राहते.

ज्यांना आपल्या विहिरीचं जलबजेट मांडायचं आहे, त्यांनी दोन टिपणं आजपासून ठेवावीत : दिवाळीला विहिरीत किती परस पाणी होतं, आणि पाडव्याला किती उरलं.