वेठबिगारांच्या मुक्तीनंतर

वेठबिगारीची पद्धत २५ ऑक्टोबर १९७५ पासून वटहुकमान्वये देशभर रद्द झाली आणि १९७६ च्या कायद्याने तीवर संसदेची मोहोर उठविली. कायदा तसा कडक आहे. ऋण वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याने धनकोवरच टाकला आहे. परंतु मालकाच्या देखत उभा असलेला गडी 'मी आपखुशीने राबतो' असे तहसीलदारास सांगतो, तेव्हा या कलमाचा उपयोग उरत नाही. तो असे का बोलतो, हे अधिकाऱ्यास उमगत नाही. ज्याने एके काळी स्वतः हेच उत्तर दिले होते, त्यास मात्र ते तत्काळ उमगते. वेठीतून सुटलेल्यांनी संघटित होऊन इतरांच्या मदतीस जाण्याचे मोल येथे आहे.

याचे उदाहरण आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच घडले. तेथे 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. आदिवासी तरुण लग्नासाठी जमीनमालकाकडून थोडी रक्कम उचली आणि त्यापोटी वर्षानुवर्षे त्याच्या घरी व शेतावर राबे. नवी नवरीही त्याच दावणीला बांधली जाई. हिशेब मालकाच्या वहीत, आणि गड्याला अक्षरओळख नाही! वसई तालुक्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. सुटलेले वेठबिगार तिचे सभासद झाले, कार्यकर्ते झाले. शिकल्या-सवरलेल्या माणसाने कायदा समजावून सांगावा हे ठीकच. पण 'मालक सोडल्यावर खायचे काय?' या प्रश्नाला ऐकणाऱ्यास पटेल असे उत्तर, तो प्रश्न ज्याने स्वतः सोसला आहे, तोच देऊ शकतो.

कारण खरी कसोटी सुटकेनंतर लागते. पावसाळ्यात पाड्यावर काम नसते, घरात दाणा नसतो, खावटीसाठी कोणाच्या तरी दारी जावेच लागते. आणि ते दार बहुधा जुन्या मालकाचेच असते. फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडविलेले मध्य प्रदेशातील मजूर गावी परतूनही निराधारच राहिल्याचे पत्रकार नीरजा चौधरी यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविले. पुनर्वसनावाचून केलेली सुटका माणसास पुन्हा दास्यात लोटते, असे न्यायालयाने १९८४ मध्ये बजावले. पुढे २०१६ च्या केंद्रीय योजनेने प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व मुलांस २ ते ३ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरविले खरे; परंतु पूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली. खटल्याची गती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक सांगणे नलगे.

हा सारा इतिहास झाला, असे कोणी समजू नये. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबावयास दिल्याचे उघडकीस आले. मोबदला काय, तर एखादी मेंढी आणि काही हजार रुपये! एका मुलीचा मृत्यू ओढवल्यावरच प्रशासनास जाग आली. श्रमजीवीच्या कार्यकर्त्यांनी ते प्रकरण लावून धरले.

आता कायद्याचे कलम १३ पाहा. जिल्हा दक्षता समितीत अधिकारी आहेत, समाजकार्यकर्ते आहेत, वित्तसंस्थांचा प्रतिनिधीदेखील आहे. सुटलेल्या वेठबिगारासाठी म्हणून एकही जागा नाही. तथापि अनुसूचित जाती-जमातींच्या तीन आणि समाजकार्यकर्त्यांच्या दोन जागा जिल्हाधिकाऱ्याने भरावयाच्या असतात. त्यांपैकी निदान दोन ठिकाणी मुक्त वेठबिगार, आणि त्यांतही एक स्त्री, नेमण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र बैठकीचा दिवस म्हणजे त्यांचा मजुरीचा दिवस. तेव्हा भत्त्याबरोबर बुडालेला रोजही त्याच दिवशी हाती पडला पाहिजे. एरवी नाव कागदावर राहील आणि खुर्ची रिकामी.